शताब्द्या साजऱ्या झाल्या, आता शाळांची दप्तरे उघडा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जानेवारी जवळ आला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेविषयी एखादा तरी लेख हमखास येतो. आपल्या दैनिकातही तो येतो आणि मी तो आवडीने वाचतो. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनी शाळा काढली, वर्षभराने गोपाळ गणेश आगरकर येऊन मिळाले, १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले, असा त्या लेखाचा ठरलेला क्रम असतो. त्यात चुकीचे काहीच नाही. माझी तक्रार एवढीच आहे की या क्रमात शाळेला ओसरीचे स्थान मिळते. मोठी माणसे तेथे घटकाभर टेकली आणि राजकारणाच्या माजघरात निघून गेली, असे काहीसे चित्र उभे राहते. त्या शाळेत रोज वर्ग भरत होते, मुलांकडून फी घेतली जात होती, महिनाअखेर पगार भागवावे लागत होते आणि पगारावरून कडाक्याची भांडणे होत होती, हे सारे त्या लेखांतून गळून जाते. खासगी, केवळ मुलांच्या आणि वसतिगृहाशिवाय चालणाऱ्या शाळेचा स्वभाव कशाने घडला हे समजून घ्यायचे असेल, तर नेमके हेच पाहावे लागते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आज ‘खासगी शाळा’ म्हटले की डोळ्यांसमोर भरमसाट फी, बस आणि टाय येतो. १८८० च्या पुण्यात त्या शब्दाला वेगळाच वास होता. सरकारी हायस्कूल होते, मिशनऱ्यांच्या शाळा होत्या, आणि १८६० मध्ये स्थापन झालेल्या पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनसारख्या थोड्या खासगी शाळाही होत्या. या इन्स्टिट्यूशनच्या संस्थापकांत पुढे सरकारविरुद्ध सशस्त्र बंड करणारे वासुदेव बळवंत फडके यांचे नाव आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळी खासगी शाळा काढणे ही सरकारच्या दृष्टीने किती निरुपद्रवी गोष्ट असेल याचा अंदाज करता येतो. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यातला बुधवारवाडा जळाला, जुलैमध्ये फडके पकडले गेले, आणि त्याच वर्षी विष्णुशास्त्र्यांनी सरकारी शिक्षकाच्या नोकरीचा राजीनामा दिला. त्यांची पुण्याहून रत्नागिरीला बदली झालेली होती. ‘निबंधमाला’ या आपल्या मासिकातल्या लेखनाची ती किंमत होती, असे तेव्हाही बोलले जाई. पगाराची, पेन्शनची आणि प्रतिष्ठेची नोकरी सोडून एका पदवीधराने भाड्याच्या वाड्यात शाळा काढावी, हा प्रकार त्या वेळच्या पेठांना वेडेपणाचाच वाटला असणार.

बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात शाळा सुरू झाली. पहिल्या वर्षी विष्णुशास्त्री आणि टिळक यांनी पगार घेतला नाही. वर्ष संपता संपता पटावर तीनशेहून अधिक मुले होती आणि पाच वर्षांत हा आकडा हजाराच्या घरात गेला. एवढी मुले आली ती देशभक्तीच्या ओढीने आली, असे समजण्याचे कारण नाही. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा हा त्या काळच्या मध्यमवर्गाचा उंबरठा होता. तो ओलांडला की कारकुनी, वकिली, मास्तरकी यांची दारे उघडत. नवी शाळा मॅट्रिकला मुले चांगली काढते, संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती तिच्या मुलांकडे येते, ही बातमी घरोघर पसरली आणि पट फुगला. इंग्रजीला ‘वाघिणीचे दूध’ म्हणणाऱ्या शास्त्रीबुवांनाही हे पक्के ठाऊक होते. शाळा चालायची तर निकाल लागला पाहिजे. पालकांचा आणि संस्थापकांचा हेतू एक नव्हता, पण दोघांना वाट एकच धरावी लागली, आणि शाळेच्या स्वभावातला पहिला ताण येथून सुरू होतो.

निकाल लावणारा माणूस कोण होता, हे आपल्या लेखांत क्वचितच येते. टिळक गणित आणि संस्कृत शिकवीत; गणित ते बहुतेक तोंडी सोडवीत, फळ्याची त्यांना फारशी गरज पडत नसे. हुशार मुलगा त्यामागे धावत सुटे आणि मधल्या पायऱ्या स्वतः भरून काढी. मागच्या बाकावरच्या मुलाचे काय होत असेल, हे कोणत्याही गणिताच्या मास्तराला विचारावे. शाळेची रोजची घडी बसवली ती वामन शिवराम आपटे यांनी. संस्कृत कोशकार म्हणून त्यांना जग ओळखते, आणि तो कोश १८९० मध्ये निघाला; पण त्याआधी आणि त्यासोबत ते शाळेचे वेळापत्रक, परीक्षा, शिस्त आणि पत्रव्यवहार पाहत होते. विद्यार्थ्यांना संस्कृत वाक्यरचना शिकवणारे त्यांचे पुस्तक वर्गातल्या रोजच्या अनुभवातून आलेले आहे, हे त्यातल्या उदाहरणांच्या आणि अभ्यासांच्या मांडणीवरून आजही दिसते. १८९२ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. दुसरे महादेव बल्लाळ नामजोशी. ते पदवीधर नव्हते, पण वर्तमानपत्र चालवणे, वर्गणी जमवणे, संस्थानिकांच्या दरबारी जाऊन देणगीचा शब्द मिळवणे, जागेची बोलणी करणे, ही सारी खटपट त्यांची. प्रत्येक शाळेत असा एक माणूस असावाच लागतो, आणि प्रत्येक शाळेच्या इतिहासात त्याच्या वाट्याला एक ओळ येते.

१८८२ हे एकच साल घेतले तरी शाळा कशाची बनली होती ते कळते. मार्चच्या १७ तारखेला विष्णुशास्त्री वारले. त्यांच्या वयाची बत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. जुलैमध्ये कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि दोघे डोंगरीच्या तुरुंगात गेले. तेथे त्यांनी १०१ दिवस काढले. म्हणजे उघडल्यापासून तिसऱ्याच वर्षी शाळेचा मुख्य आधार गेला, दोन नामांकित शिक्षक तुरुंगात, आणि बाकीच्यांनी वर्ग चालू ठेवले. याच वर्षी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालचे शिक्षण आयोग मुंबई इलाख्यात फिरत होते. हंटर यांनी शाळा पाहिली आणि जो अभिप्राय दिला त्याचा आशय असा की, सरकारची कसलीही मदत न घेता चालणारी अशी संस्था आपण हिंदुस्थानात दुसरी पाहिली नाही, ती सरकारी हायस्कुलांच्या तोडीची आहे आणि परदेशांतल्या शाळांशीही तिची तुलना करता येईल. या अभिप्रायाचे कौतुक शाळेच्या प्रत्येक स्मरणिकेत येते, आणि यावेही.

मात्र त्याच आयोगापुढे, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, पुण्यातल्याच एका गृहस्थाने निवेदन दिले होते, त्याचा उल्लेख या स्मरणिकांत येत नाही. ते गृहस्थ म्हणजे जोतीराव फुले. सरकारी महसुलाचा बोजा शेतकऱ्यावर, आणि त्या पैशाने चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या जातींना, हे त्यांचे म्हणणे होते. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. आयोगाचा कल माध्यमिक आणि उच्च शिक्षण हळूहळू खासगी संस्थांकडे सोपवावे, त्यांना अनुदान द्यावे, या बाजूचा होता, आणि त्या धोरणाचे न्यू इंग्लिश स्कूल हे उत्तम उदाहरण ठरले. फुले यांना भीती होती ती नेमकी याचीच. जे लोक स्वतः शाळा काढू शकतात ते काढतील. ज्यांच्यात अजून लिहिणारा-वाचणाराच तयार झालेला नाही त्यांनी काय करावे? बुधवार पेठेतल्या ज्या भिडेवाड्यात फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, त्याच पेठेत बत्तीस वर्षांनी मोरोबादादांच्या वाड्यात ही शाळा भरली. दोन्ही वाड्यांचा इतिहास एकाच पानावर मांडण्याची हिंमत पुण्याच्या वर्तमानपत्रांनी दाखवावी, असे मला वाटते. एकाचे महत्त्व सांगितल्याने दुसऱ्याचे कमी होत नाही, आणि या दोन शाळा एकमेकींना दिलेली उत्तरे आहेत असे वाचले तर दोन्ही अधिक कळतात.

आता वसतिगृह नसण्याविषयी. मुंबई इलाख्यातले साधारण घराणे मुलाला शिकायला पुण्यात पाठवी, तेव्हा शाळा त्याला वर्ग आणि मास्तर देई; राहण्या-जेवण्याचे त्याने पाहायचे. कोकणातून, साताऱ्याकडून, वऱ्हाडातून आलेली मुले वाड्यांतल्या खोल्यांत तिघे-चौघे मिळून राहत. पैसेवाला मुलगा खानावळ लावी. बाकीचे वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, आणि एखादा वार मिळाला नाही तर त्या दिवशी पाण्यावर भागवायचे. काही मुले माधुकरी मागत. सकाळी सोवळे नेसून झोळी घेऊन पाच घरे फिरायची, मिळेल ते खायचे, मग सदरा-टोपी घालून शाळा गाठायची आणि तेथे इंग्रजी व्याकरण. शाळा वसतिगृहाशिवाय चालू शकली, कारण सगळे शहरच तिचे वसतिगृह झाले होते.

पण त्या वसतिगृहाचे दार सर्वांना उघडे नव्हते. वार कोणाला मिळे, माधुकरी कोणाला वाढली जाई, हे सांगायला नको. शाळेच्या नियमांत जात लिहिलेली नसली तरी जेवणाच्या पंगतीत ती लिहिलेली होतीच, आणि ज्याला पुण्यात दोन घास मिळण्याची सोय नाही त्याला शाळेचा दरवाजा उघडा असून उपयोग काय? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे मर्म ओळखले. १९०१ मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि मग एकामागून एक जातीजमातींची वसतिगृहे उभी करत नेली. राजाराम कॉलेज आणि हायस्कूल कोल्हापुरात आधीपासून होतेच. कमी होती ती निवाऱ्याची आणि ताटाची. पुण्यातही १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले ते या वारकरी मुलांची परवड पाहूनच. (येथे वारकरी म्हणजे पंढरीचे नव्हेत, हे तरुण वाचकांसाठी सांगतो.) शाळेच्या यशाचा इतिहास लिहिताना पेठांतल्या ज्या गृहिणींनी वर्षानुवर्षे अशी मुले जेवू घातली, त्यांना संस्थापकांच्या पाठोपाठ जागा द्यायला हवी. त्यांच्या मुलींना मात्र त्या शाळेत प्रवेश नव्हता.

हा मुद्दा पुष्कळदा ‘तो काळच तसा होता’ एवढ्यावर सोडून दिला जातो. काळ तसा होता हे खरे, पण त्याच काळात त्याविषयी वादही चालला होता, आणि तो वाद शाळेच्या शिक्षकांच्या खोलीतच चालला होता. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींच्या पुढाकाराने हुजूरपागेत मुलींचे हायस्कूल निघाले. मुलींना इंग्रजी आणि मुलांसारखाच अभ्यासक्रम कशाला, अशी ‘केसरी’ची टीका त्यावर पुढे होत राहिली. आणि याच मंडळातले आगरकर काय लिहीत होते? स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असा निबंध त्यांनी ‘सुधारक’ या आपल्या पत्रात लिहिला. केवळ मुलांसाठी काढलेल्या शाळेच्या आद्य शिक्षकांपैकी एकाने सहशिक्षणाचा असा उघड पुरस्कार करावा, ही गोष्ट इतकी विलक्षण आहे की मुलांच्या कोणत्याही शाळेने ती प्रवेशद्वारावर कोरावी. तसे कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. एकेकाळच्या मुलांच्या शाळा आज मुलींना प्रवेश देऊ लागल्या आहेत. त्यामागे पट घसरल्याची काळजी किती आणि आगरकरांचा निबंध किती, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे.

शाळेच्या स्वभावाचा गाभा मात्र माझ्या मते पगाराच्या भांडणात आहे, आणि त्यावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे. संस्थापकांनी जेझुइट पाद्र्यांचा आदर्श समोर ठेवला होता. आजीव सभासदाने अल्प वेतनावर राहायचे, सर्वांचे वेतन सारखे, सगळा वेळ संस्थेला द्यायचा, बाहेरची कमाई करायची नाही, असा तो संकेत होता. जेझुइटाला संसार नसतो, हा फरक प्रारंभीच्या उत्साहात कोणाच्या लक्षात आला नसावा. लग्ने झाली होती, पुढे मुले झाली, आजारपणे आली. १८८७ मध्ये वेतनात दरमहा पाच रुपयांची वाढ करावी असा प्रस्ताव आगरकरांनी आणला आणि टिळकांनी त्याला विरोध केला. पाच रुपये! ज्यांनी हजारोंच्या नोकऱ्या लाथाडल्या ते दोन मित्र पाच रुपयांवरून एकमेकांविरुद्ध उभे राहिले, असे म्हणून हसणे सोपे आहे. आगरकरांना दम्याचा विकार होता आणि घरची ओढाताण कायमची होती. सरकारी नोकरी करून श्रीमंत होणार नाही, पोटापुरत्या पैशावर राहीन, असे त्यांनी विद्यार्थिदशेत आईला कळवले होते, ते पत्र मराठी मुले पाठ्यपुस्तकांतून वाचत आली आहेत. पोटापुरते म्हणजे किती, हा प्रश्न त्या पत्रात नव्हता. तो १८८७ च्या सभेत आला. टिळकांचे म्हणणेही क्षुल्लक नव्हते. एकदा वाढ सुरू झाली, एकदा ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे आणि बाहेरच्या कामाप्रमाणे मिळकत वेगळी झाली, की ही संस्था इतर कोणत्याही संस्थेसारखी होईल, असे त्यांना वाटे.

वाद पैशापुरता राहिला नाही. त्याच वर्षी आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि सामाजिक सुधारणेवरून एकमेकांवर तुटून पडणारी ही दोन पत्रे चालवणारे दोघे एकाच मंडळाचे सभासद म्हणून दोन वर्षे एकाच टेबलाशी बसत राहिले. गोपाळ कृष्ण गोखले १८८५ मध्ये शाळेत तरुण शिक्षक म्हणून आले होते. त्यांनी सहकाऱ्याबरोबर शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तक तयार केले आणि ते पुढे फार चालले. १८९० मध्ये त्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभा या राजकीय संस्थेचे चिटणीसपद घेतले, तेव्हा ते बाहेरचे काम ठरते की नाही यावरून ठिणगी पडली आणि टिळकांनी संस्था सोडली. राजीनाम्यात त्यांनी सगळा पूर्वेतिहास विस्ताराने मांडला आहे. तो दस्तऐवज वाचताना जाणवते ते असे की टिळकांसारख्या माणसालाही ती शाळा सोडणे तुरुंगात जाण्यापेक्षा जड गेले. फर्ग्युसन कॉलेजातली त्यांची गणिताची जागा १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी घेतली. आगरकर १८९५ मध्ये वारले. गोखले पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षांचा करार पुरा करून बाहेर पडले.

या भांडणाची लाज वाटून ते दडवण्याची आपली सवय आहे. स्मरणिकांत ‘पुढे मतभेद झाले’ एवढे तीन शब्द असतात. मला त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. शिक्षकाने किती पैशांत जगावे, त्याची निष्ठा कोणाला बांधलेली असावी, शाळेबाहेर त्याला मत असावे की नाही, हे तीनही प्रश्न त्यांनी उघडपणे सभेत मांडले, त्यांची इतिवृत्ते लिहिली, मते मोजली. आज विनाअनुदानित शाळांत वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या शिक्षकाला ‘हे व्रत आहे’ असे ऐकवले जाते. ऐकवणारा स्वतः व्रतस्थ नसतो. त्या पिढीत निदान व्रत सांगणारे आणि पाळणारे तेच होते, आणि तरीही त्यांच्यातल्या एकाने उभे राहून सांगितले की हे पैसे पुरत नाहीत. ‘खासगी’ शाळेच्या इतिहासातले हे पान शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचले पाहिजे.

आता मागणीकडे येतो. मी स्वतः एका अनुदानित शाळेत शिकवून निवृत्त झालो. तेथे काही वर्षे कार्यालयाचे कामही अंगावर होते, त्यामुळे जुने जनरल रजिस्टर हाताळण्याचा योग वारंवार आला. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: कापडी पाठीचा, दोन हातांनी उचलावा लागणारा ठोकळा, आडव्या पानावर रकाने, अनुक्रमांक, मुलाचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, अभ्यास, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडल्याचे कारण आणि शेरा. शाई तपकिरी पडलेली, कडेला कसरीने खाल्लेली नक्षी, आणि मधूनच नव्या हेडमास्तरांच्या लाल शाईतली दुरुस्ती व सही. हे रजिस्टर आज उघडले जाते ते मुख्यतः जातपडताळणीसाठी. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून तर शाळांच्या कपाटांना कधी नव्हे एवढे महत्त्व आले. आजोबांच्या नावापुढची एक नोंद शोधायला नातू येतो, लिपिक पान काढतो, उतारा देतो, रजिस्टर पुन्हा कपाटात.

त्याच पानावर ‘सोडल्याचे कारण’ हा रकाना असतो, त्याकडे कोणी पाहत नाही. वडिलांची बदली, नापास, फी थकली, गावी गेला, मृत्यू. प्लेगच्या वर्षांत तो रकाना काय सांगतो, मंदीत काय सांगतो, आणि १९४२ मध्ये काय सांगतो? कोणत्या गावांतून, कोणत्या जातींतून, कोणत्या वयाची मुले येत होती, किती जण मॅट्रिकपर्यंत टिकत होती, हे सांगणारे याहून चांगले साधन नाही. संस्थापकांच्या चरित्रांनी एक कपाट भरेल. शिकलेल्या मुलांच्या या सामुदायिक चरित्राला अजून कोणी हातच घातलेला नाही, असे माझ्यासारख्या वाचकाला वाटते.

म्हणून पुण्यातल्या ज्या ज्या शाळांनी शंभरी ओलांडली आहे, त्या सर्वांच्या संस्थाचालकांना आपल्या पत्रातून माझी विनंती आहे, आणि ती एका संस्थेपुरती नाही. हाती असलेली जुनी जनरल रजिस्टरे, हजेरीपत्रके, फीच्या पावत्यांची स्थळप्रत, पगारपत्रके, सभांची इतिवृत्ते आणि शाळेची हस्तलिखिते यांची प्रथम नुसती यादी करावी. यादीला पैसे लागत नाहीत. मग त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत संस्थेबाहेर सुरक्षित ठेवावी, कारण पुण्याने पानशेतचा पूर पाहिला आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी अभ्यासकांना खुल्या कराव्यात. त्याअलीकडच्या नोंदींत हयात माणसांची आणि त्यांच्या मुलानातवांची माहिती असते, तेथे संयम पाळावा. ज्या शहरात पेशवे दप्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून काम करत आहे आणि मोडी वाचणारे लोक अजून आहेत, तेथे जाणकारांची उणीव नाही. जुन्या हिशेबाच्या वह्यांत मोडी हमखास भेटते, आणि मोडीच्या वर्गांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या हौशी मंडळींना बखरींखेरीज वाचायला काहीतरी मिळेल.

आपल्यालाही एक विनंती. येत्या जानेवारीत स्थापनेचा तोच लेख पुन्हा छापण्याऐवजी कोणत्याही एका जुन्या शाळेचे, कोणत्याही एका वर्षाचे रजिस्टर घेऊन त्यातल्या एका इयत्तेवर एखादा अभ्यासू लेख लिहवून घ्यावा. नावे गाळली तरी चालतील. रजिस्टर वाचून रकाने भरून देण्याच्या कामासाठी माझ्यासारखे निवृत्त शिक्षक आठवड्यातली एक दुपार विनामूल्य द्यायला तयार आहेत. कोणा संस्थेची तयारी असल्यास त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी उपस्थित होईन. चष्मा आणि भिंग आम्ही घरून आणू.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
सदाशिव पेठ, पुणे